आनंद सप्ताहातली कोंबडी

कोंबडी डोळा मिटते तेव्हा तिची वरची पापणी खाली येत नाही. खालची पापणी वर चढते. माणसाच्या बरोबर उलट. हेमांगीने हे प्राणिशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं, एम.एस्सी.ला त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण प्रत्यक्ष पाहिलं ते सोमवारी दुपारी, करोल बागेहून सरोजिनी नगरला जाणाऱ्या ऑटोरिक्षात, स्वतःच्या मांडीवर. कोंबडी तांबूस होती आणि कापडी पिशवीत बसली होती. पिशवीबाहेर मान काढून तिने आधी रस्त्यावरची रहदारी नीट पाहून घेतली. मग खालची पापणी सावकाश वर गेली आणि कोंबडी झोपली. एखाद्या जिवाचा आपल्यावर इतक्या लवकर विश्वास बसावा, याने हेमांगीला बरं वाटण्याऐवजी धास्तावल्यासारखं झालं. विश्वास ठेवण्याइतकी माहिती कोंबडीजवळ नव्हती.

"देसी है, मॅडम," ऑटोवाला आरशातून म्हणाला. "कितने की मिली?"

"खरीदी नहीं है. हफ्ते भर के लिए आई है."

"हफ्ता क्यों रुकना," तो म्हणाला. "ठंड तो आज भी है."

हेमांगीने पिशवीचं तोंड जरा आवळलं. मेट्रोने जाण्याचा प्रयत्न तिने करून पाहिला होता. सामान तपासायच्या पट्ट्यावर पिशवी ठेवायला सांगितल्यावर पिशवी बोलली, आणि कोंबडी यंत्रातून पाठवावी की हातानेच तपासावी यावर दोन जवानांची गंभीर चर्चा झाली. निर्णय होण्याआधीच हेमांगी परत फिरली. दुसऱ्यांचे निर्णय होण्याआधी निघून जाणं तिला जमत असे. स्वतःचे मात्र तिच्याने होत नसत.

भित्रेपणाचा यात संबंध नव्हता. सगळी माहिती हातात आल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे तिच्या अंगी इतकं मुरलं होतं की तिच्या बैठकीच्या खोलीला क्वार्टर मिळाल्यापासून पडदे नव्हते. खिडक्यांवर जुन्या चादरी होत्या, कारण पडद्याचा रंग ठरवण्याआधी आणखी एका हिवाळ्याचं ऊन बघायचं राहिलं होतं. नवरा केतन एका मंत्रालयात होता. तो म्हणायचा, "हेमा, तू आमच्याकडे असतीस तर फार वर गेली असतीस."

कोंबडी आली ती आनंद सप्ताहामुळे. शहरातली लहान मुलं दमलेली दिसतात, असं वरच्या कुठल्याशा बैठकीत कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि मुलांचा थकवा घालवण्यासाठी प्राथमिक शाळांनी आठवडाभर रोज जादा उपक्रम घ्यावेत असं ठरलं. हेमांगीची शाळा मराठी मंडळींच्या एका जुन्या संस्थेची. तिथे हे काम निधीकडे आलं. निधी चौथीची वर्गशिक्षिका; उत्साही, तरुण, आणि कुठलीही गोष्ट रंगीत कार्डशीट कापल्याशिवाय सुरू न करणारी. तिने आखलं ते असं: सोमवारी हास्ययोग, मंगळवारी प्राणीमित्र दिन, बुधवारी दप्तराला सुट्टी, गुरुवारी मौन, शुक्रवारी रंगीत तालीम आणि शनिवारी आजी-आजोबांच्या हजेरीत समारोप. समारोपाला शिक्षण खात्यातल्या एक अधिकारी येणार होत्या. मंगळवार हेमांगीला मिळाला, कारण ती 'झूलॉजीवाली'.

हेमांगीने एक गोल्डफिश आणि त्यावर थोडक्यात माहिती, एवढीच तयारी केली होती. पण सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी सखुबाई उभ्या होत्या. सखुबाई म्हणजे हेमांगीच्या तिसरीच्या वर्गातल्या सुकन्याच्या आजी. सुकन्याचे वडील मल्हारी फौजेत हवालदार. पावसाळ्यात बदली झाली आणि खटाव तालुक्यातलं हे कुटुंब दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये आलं. वर्षाच्या मध्यात दुसरीकडे कुठे प्रवेश मिळेना, म्हणून सुकन्या या शाळेत आली. पहिल्याच आठवड्यात तिने वर्गात काहीतरी विचारलं, तिच्या बोलण्याला मुलं हसली, आणि सुकन्याने वर्गात बोलणं बंद केलं. हजेरीला ती फक्त हात वर करी. हेमांगीने तिला बोलायला लावलं नाही. खिडकीतल्या मोड आलेल्या मटकीला पाणी घालायचं काम दिलं, एवढंच. मटकीशी सुकन्या हळू आवाजात बोलते, हे हेमांगीला ऐकू येई. ऐकू येतं असं ती दाखवत नसे.

"बाई, ही तुमास्नी," सखुबाई म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली. "पोरगी आता सकाळची रडत न्हाई. तुमच्यामुळं."

"अहो, पण…" हेमांगी म्हणाली. पिशवीतून मान वर आली.

"लई गुणाची हाय. घ्या."

उद्या प्राणीमित्र दिन आहे, सुकन्याने घरी सांगितलं असणार, हे उघड होतं. "आठवडाभर सांभाळते. शनिवारी परत देते," हेमांगी म्हणाली.

सखुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खुदकन हसल्या. मास्तरीणबाई गमत्या आहेत, असं काहीसं त्या हसण्यात होतं. हेमांगी त्यावर विचार करू लागली आणि तेवढ्यात कॅन्टोन्मेंटकडे जाणारी व्हॅन सखुबाईंना घेऊन निघून गेली.

घरी केतनने बाथरूमचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

"हे काय आहे?"

"गॅलस गॅलस," हेमांगी म्हणाली. घाबरली की ती शास्त्रीय नावं घेई.

"ते दिसतंय. आपल्या बादलीवर का बसलंय?"

खालच्या भाटिया आंटी वर यायला वेळ लागला नाही. त्यांना वास आधी येतो आणि बातमी नंतर. "बेटा, प्याज पहले भूनना," त्यांनी सुरुवात केली. हेमांगीचा चेहरा बघून त्यांनी पाककृती अर्ध्यावर सोडली. "अच्छा, पालने के लिए? तो बाजरा दे. चावल मत दे, चावल से मोटी हो जाती है. मैं भी उसी से हुई." जाताना दारात थांबून त्यांनी खरा सल्ला दिला. "कॉलनी की कमेटीवालों को पता मत चलने देना."

मंगळवारी गोल्डफिशकडे कुणी पाहिलं नाही. कोंबडी टेबलावर ठेवल्याबरोबर तिसरीचा वर्ग पुढे सरकला, आणि मानस नावाच्या मुलाने, ज्याला वर्गातली कुठलीही वस्तू आधी धरून आणि मग बघून समजते, तिला मानेशीच पकडलं.

"तसं नाय धरायचं," कुणीतरी म्हणालं. "पंखं दाबून धर. आन पोटाखाली हात घाल."

वर्ग मागे वळला. सुकन्या बाकावरून उठली होती. ती पुढे आली, कोंबडी मानसच्या हातून घेतली आणि छातीशी धरली. कोंबडीची खालची पापणी वर गेली.

"सो गई?" मानसने कुजबुजत विचारलं.

"अंधार वाटला की झोपती. घरी आमी डालग्याखाली ठिवतो."

"डालगं क्या होता है, यार?"

मुलं घरी मराठीच बोलायची, पण ती 'आई, मला भूक लागली, जल्दी दे ना' अशा घडणीची. डालगं कुणालाच माहीत नव्हतं. सुकन्याने फळ्यावर काढून दाखवलं: बांबूची विणलेली, पालथी टोपली. मग खुराडं काढलं. मग कोंबडी अंड्यावर कशी बसते ते बसून दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही. ज्यांना बसायची जागा मिळाली ते तिच्याशेजारी तसेच बसले. हेमांगी मागे खिडकीशी उभी होती. तिच्याकडे या घटनेचं स्पष्टीकरण होतं, पण ते मांडायची तिला घाई नव्हती.

वर्ग इतका शांत ऐकून मुख्याध्यापिका देवयानी मॅडम धावत आल्या. शाळेत इतकी शांतता म्हणजे कुणीतरी पडलेलं असतं. त्यांनी आत पाहिलं, डोळे बारीक केले आणि हेमांगीला दाराबाहेर घेतलं.

"शनिवारी मॅडमना हेच दाखवायचं. आठवडाभर कोंबडी इथेच. प्रत्येक वर्गाला थोडा थोडा वेळ. वेलबीइंग म्हणतात ते हेच, हेमांगी."

"पण ती परत द्यायची आहे."

"शनिवारनंतर दे ना. बिल्कुल दे."

दुपारी कार्यालयातून राजाभाऊंचं बोलावणं आलं. राजाभाऊ शाळेचे जुने कारकून. त्यांच्या मते शाळेत दोनच प्रकारच्या गोष्टी असतात, नोंदवलेल्या आणि चोरीच्या.

"आवारात मुक्कामाला असलेली वस्तू नोंदवावी लागते, मॅडम."

"मुक्कामाला ती माझ्याकडे असते. आणि ती वस्तू नाही."

"मग विद्यार्थी आहे का? दाखला आणा. नाहीतर माझ्याकडे एकच रजिस्टर आहे." त्यांनी ते पुढे सरकवलं. त्यात खुर्च्या, नकाशे, घड्याळं आणि एक हार्मोनियम होती. वर ठळक अक्षरांत 'डेड स्टॉक' लिहिलं होतं.

"यात नको," हेमांगी म्हणाली. का कोण जाणे, तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा झाला.

"नको तर नको. पण शनिवारी पाहुण्या विचारतील, पुढे काय करणार म्हणून. ते ठरवून ठेवा."

मुलांनी मतदान घेऊन कोंबडीचं नाव बुलबुल ठेवलं. बुलबुल हा वेगळ्याच गणातला पक्षी आहे, हे हेमांगीने दोनदा समजावलं. लोकशाहीवर परिणाम झाला नाही. आणि घंटा होता होता मानसने तो प्रश्न विचारला, जो पुढे आठवडाभर तिला जिन्यात, स्टाफरूममध्ये आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी विचारला जाणार होता.

"मॅम, सॅटर्डे के बाद बुलबुल कहाँ रहेगी?"

"सगळी माहिती मिळाली की सांगते," हेमांगी म्हणाली.

बुधवारी हवा इतकी खराब होती की समोरच्या इमारतीचा फक्त अंदाज लागत होता. मैदान बंद. दप्तराला सुट्टी मिळालेली अख्खी शाळा खालच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये कोंबली गेली. एका टोकाला दोरीवरच्या उड्या, दुसऱ्या टोकाला संगीतखुर्ची, आणि मधोमध बुलबुलला भेटायची रांग. रांगेत आधी पहिली-दुसरीची मुलं होती. नंतर बघावं तर गणिताच्या सरांनीही नंबर लावला होता. निधी शिट्टी वाजवत फिरत होती; तिने गेल्या दोन दिवसांत धड जेवण केलं नव्हतं आणि मुलांच्या आनंदासाठी ती केव्हाही रडेल अशा बेताला आली होती. शाळा उद्यापासून ऑनलाइन होणार, अशी अफवा दर तासाला येत होती. हेमांगीला त्या अफवेची पहिल्यांदाच आशा वाटली. शाळाच नसेल तर शनिवारही नसेल.

सुटीच्या वेळी फाटकाशी सखुबाई भेटल्या. सुकन्या शेजारी, दप्तर नसल्यामुळे हात मोकळे सोडून उभी.

"बाई, कशी झाली?" सखुबाईंनी विचारलं.

"छान चाललंय. मुलांना फार आवडली."

"मुलास्नी बी दिली? येवढीशी ती. समद्यांना पुरली व्हय?"

हेमांगीच्या मनात काहीतरी हळूहळू, खालून वर चढत गेलं.

"सखुबाई, ती अजून… ती जिवंत आहे."

"आजून कापली न्हाई?" सखुबाईंचा चेहरा उतरला. "आवो, कशापायी थांबलासा? कुणी कापून देणारं न्हाई का? मल्हारीला धाडते."

मग कळलं ते असं. क्वार्टरच्या मागच्या अंगणात सखुबाईंनी कोंबड्या पाळल्या होत्या. मागच्या पंधरवड्यात वरून हुकूम आला: फौजी वस्तीत कोंबड्या ठेवायच्या नाहीत. घरच्यांनी एकेक करून खाल्ल्या. ही सगळ्यांत चांगली. ती बाईंसाठी राखली. त्यांच्याकडे मान द्यायचा तर असा, जिवंत, पिशवीत घालून. शिजवून देणं म्हणजे उरलंसुरलं दिल्यासारखं.

"मी खात नाही हो," हेमांगी म्हणाली. "आमच्या घरात कुणीच नाही. तुम्ही परत न्या."

"दिलेलं माघारी घ्यायचं?" सखुबाई थोड्या दुखावल्या. "आन न्हेऊन ठिवू कुठं? न्हेली तर आज रातच्यालाच कापावी लागंल. तुमची वस्तू हाय, बाई. तुमी म्हणाल तसं."

त्या वेळी हेमांगीने सुकन्याकडे पाहिलं आणि तिला एक निरीक्षण आठवलं, जे तिने केलं होतं पण मांडलं नव्हतं. शनिवारनंतर बुलबुल कुठे जाणार, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाने विचारलं होतं. सुकन्याने विचारलं नव्हतं. तिला उत्तर पहिल्यापासून माहीत होतं.

सुकन्या तिच्याकडे बघत होती. बाईंनी आता काहीतरी बोलावं, इतकाच अर्थ त्या बघण्यात होता.

"बघते," हेमांगी म्हणाली. "जरा चौकशी करते."

गुरुवारी हजेरीला सुकन्याने फक्त हात वर केला.

हेमांगीने चौकशी केली. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका संस्थेला फोन केला. त्यांनी विचारलं, पक्ष्याला काय झालंय. काही झालं नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग आम्ही घेऊ शकत नाही. एका गोशाळेने सांगितलं, आमच्याकडे फक्त चार पायांचे. केतनने सुचवलं की यमुनापार कुणाचं तरी शेत असेल. भाटिया आंटींनी सुचवलं की गुरुद्वाऱ्याच्या मागे सोडून दे, रब देखेगा. स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडे कोंबडीसाठी एक उत्तम जागा होती आणि ती प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या घरी होती.

सकाळी मौनाचा कार्यक्रम होता. सगळी शाळा हॉलमध्ये डोळे मिटून बसली. दारं बंद, मोबाइल बंद. निधीने पुढे मऊ गालिचा अंथरून त्यावर बुलबुलला ठेवलं होतं, 'शांततेचं प्रतीक' म्हणून. शांतता चांगली जमली होती. मग प्रतीक उठलं, मान ताणली आणि असं ओरडायला लागलं की पहिलीतली दोन मुलं रडली. कोंबडी अंडं दिल्यावर ओरडते, ही गोष्ट हेमांगीला ठाऊक होती, आणि म्हणून गालिच्यावर काय असणार हे डोळे न उघडता कळलेली हॉलमधली ती पहिली व्यक्ती होती.

दुसरी सुकन्या. ती ओठ घट्ट मिटून अंड्याकडे बघत होती.

निधीने फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. दुपारच्या सुटीपर्यंत तिथे युद्ध पेटलं होतं. शाळेत अंडं सुरू होणार का, असं एका आईने विचारलं. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, तेव्हा आमच्या मुलाने अंड्याकडे पाहिलं असल्यास कळवावं, असं दुसरीने लिहिलं. तिसरीचं म्हणणं, तिच्या मुलाला जास्त स्ट्रेस आहे, तर त्याला कोंबडी दोनदा धरू द्यावी. देवयानी मॅडमनी अंडं रुमालात गुंडाळून ढाली ठेवायच्या कपाटात कुलूपबंद केलं.

"ही वाढ झाली," राजाभाऊ म्हणाले. "मूळ वस्तूचीच नोंद नाही, तर वाढ कुठे दाखवू?"

"राजाभाऊ, प्लीज," देवयानी मॅडम म्हणाल्या. मग हेमांगीकडे वळल्या. "शनिवारी मॅडम हेच विचारणार. पुढे काय. मी सांगेन, हेमांगी मॅम सांगतील. तू काय सांगणार आहेस?"

"अजून पूर्ण माहिती आली नाही."

"हेमांगी, ती कोंबडी आहे. आली तेव्हाच पूर्ण आली होती."

शुक्रवारी संध्याकाळी एक उपाय सापडला. केतनच्या ऑफिसातल्या यशराजसाहेबांचं हरियाणात सोहन्याच्या बाजूला फार्महाऊस होतं. ते सरोजिनी नगरच्या बाजाराबाहेर गाडी घेऊन उभे राहिले. भोवती स्वेटरांच्या ढिगांवर गर्दी तुटून पडली होती, आणि हेमांगी पिशवी छातीशी धरून त्यांच्यासमोर उभी.

"भाभीजी, आप टेन्शन मत लो," यशराजसाहेब म्हणाले आणि पिशवीचा बंद धरला. "खुली हवा, अपना कुआँ. राजा की तरह रहेगी."

"आपके यहाँ और मुर्गियाँ हैं?"

"आती-जाती रहती हैं."

"सबसे पुरानी कितने साल की है?"

यशराजसाहेब मनापासून हसले. "मुर्गी की उम्र कौन देखता है, भाभीजी. संडे को वैसे भी बीस-पच्चीस लोग आ रहे हैं. आप दोनों भी आइए ना."

हेमांगीने पिशवी सोडली नाही. यशराजसाहेबांनीही बंद सोडला नाही, कारण त्यांना वाटलं ती संकोच करतेय. थोडा वेळ दोघं एकमेकांकडे सभ्यपणे हसत पिशवी ओढत राहिले. केतन मधे उभा राहून कुणाच्या बाजूने ओढावं याचा विचार करत होता. एक बायको होती, दुसरा वरिष्ठ. शेवटी पिशवीतून चोच बाहेर आली आणि यशराजसाहेबांच्या अंगठ्यावर पडली.

"मी कळवते," हेमांगी म्हणाली.

घरी दाराखालून एक कागद आत सरकवलेला होता. कमिटीला पत्ता लागला होता. क्वार्टरमधला पक्षी सोमवारच्या आत हलवावा, अन्यथा तक्रार पुढे जाईल. केतनने तो कागद उभ्याउभ्या वाचला. असेच कागद लिहिण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. "ड्राफ्ट चांगला आहे," तो म्हणाला. मग खुर्चीवर बसला.

"हेमा, तुला त्या माणसाला सरळ नाही म्हणता आलं नसतं का?"

"नाही म्हटलं असतं तर मग कुठे ठेवायची, ते सांगावं लागलं असतं."

"मी काही म्हणत नाही. बाथरूमची आता सवय झालीय मला. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. पण उद्या तू तिथे काय सांगणार आहेस, ते मला आधी कळलं तर बरं."

"मलाही," हेमांगी म्हणाली.

शनिवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगांत आजी-आजोबा, मफलर, कानटोप्या, शाली. सखुबाई इरकली नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. केतन पिशवी घेऊन मागे दाराशी. पाहुण्या अधिकारी वक्तशीर होत्या. त्यांनी शाल, रोप आणि निधीने केलेलं कार्डशीटचं फुलपाखरू स्वीकारलं, आणि हास्ययोग बघताना कुठेही हसल्या नाहीत.

मग बुलबुलला मंचावर आणलं. तिसरीच्या मुलांनी तिच्याभोवती अर्धगोल केला. कोंबडी सुकन्याच्या हातात होती, कारण दुसऱ्या कुणाकडे ती अशी स्वस्थ राहत नसे. निधीने सुकन्यासाठी चार ओळी लिहून दिल्या होत्या. सुकन्याने माइककडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलंच नाही. मानसने तिच्या चार ओळी स्वतःच म्हणून टाकल्या आणि वर आपली एक जोडली: "बुलबुल हमारी बेस्ट टीचर है." टाळ्या पडल्या. हेमांगीला सुकन्याचं गप्प राहणंच ऐकू येत होतं.

अधिकारी पहिल्यांदा हसल्या. "बहुत अच्छा. बच्चों, सबसे ज़्यादा मज़ा किसमें आया?"

"बुलबुल," सगळी शाळा म्हणाली.

"और आज के बाद बुलबुल कहाँ रहेगी?"

सगळी शाळा हेमांगीकडे वळली. देवयानी मॅडमनी ठरल्याप्रमाणे हात पुढे केला. "ये हेमांगी मॅम बताएँगी."

हेमांगी मंचाजवळ गेली. राजाभाऊ दाराशी रजिस्टर काखेत धरून उभे होते. पहिल्या रांगेत सखुबाई मान वर करून बघत होत्या. बाई काय म्हणतात याचं त्यांना खरंच कुतूहल होतं, दिलेली वस्तू कशी वापरायची हा घेणाऱ्याचा मान. केतनच्या खिशात कमिटीचा कागद होता. सोमवार दोन दिवसांवर होता. पडद्यांचा प्रश्नही अजून सुटलेला नव्हता.

"सर्वसाधारणपणे," हेमांगीने सुरुवात केली, "पाळीव पक्ष्यांच्या बाबतीत बऱ्याच गोष्टींचा विचार…"

अर्धगोलातली मुलं वाट बघत होती. सुकन्या वाट बघत नव्हती. तिने हनुवटी कोंबडीच्या पाठीवर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. माणसाची वरची पापणी खाली येते. तिच्या कुशीत बुलबुलची खालची पापणी वर चढली. दोघींच्या पापण्या दोन दिशांनी एकाच वेळी मिटल्या, आणि त्यातल्या एकीचाच हेमांगीवर विश्वास होता.

हेमांगीने माइक बाजूला केला. ती अधिकाऱ्यांशी बोलली नाही, मुलांशीही नाही. ती पहिल्या रांगेपर्यंत गेली आणि सखुबाईंसमोर उभी राहिली.

"सखुबाई, तुम्ही दिलीत, मी घेतली," ती म्हणाली. "मला एक डालगं लागेल. ते कसं विणायचं, कुठे ठेवायचं, ते सुकन्याने येऊन दाखवायचं. कमिटीशी मी बोलेन. बुलबुल माझ्याकडे राहील." आणि मग, शास्त्र शिकलेल्या माणसाने वाक्य अर्धवट सोडू नये म्हणून, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिने ते पुरं केलं. "म्हातारी होऊन मरेपर्यंत."